दाबलेलं अक्षर काळं करावं का?

मित्रांनो, हा प्रश्न मी तत्त्वज्ञानाची बुकं वाचून काढलेला नाही. दहावीनंतर शाळेचा नि माझा संबंध सुटला. त्यानंतर जे काही शिकलो ते गिरणीतल्या तिसऱ्या पाळीत, भाकरीच्या डब्याबरोबर पिशवीत आणलेल्या पुस्तकांतून. हा प्रश्न मला केडगाव स्टेशनाजवळ चपला शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसानं घातला. त्यानं तो चामड्याबद्दल विचारला होता. मी तो गेले चार महिने माणसांबद्दल स्वतःला विचारतो आहे. उत्तर पुरतं सापडलेलं नाही. जेवढं सापडलं तेवढं तुमच्यापुढं ठेवतो.

झालं ते असं. आमच्या अभ्यास मंडळाची संविधानाची एक प्रत आहे. वाचून वाचून तिचा पुठ्ठा निघाला, शिवण उसवली. २६ नोव्हेंबर, संविधान दिन, जवळ आला होता. नवं कव्हर घालायचं ठरलं. मी म्हणालो, चामड्याचं घालू. टिकेल. वर अक्षरं ठोकून घेऊ, 'भारताचे संविधान'.

क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक जण हळूच म्हणाला, "चामडं कशाला? प्रत विहारात ठेवायचीय." दुसरा तडकलाच. "बाबासाहेबांनी आपल्याला ढोरं ओढायची सोडायला सांगितली. अन् तू परत कातडं आणतोस?"

दुसऱ्याचं बोलणं मला समजलं. त्यात राग होता, नि तो राग खरा होता. पण पहिल्याचं बोलणं रात्रभर डोक्यात राहिलं. विहारात चामडं नको. म्हणजे काय? चामड्यानं विहार बाटतं? हे वाक्य आपलं नाही. हे वाक्य ज्यांचं आहे ते आपण चांगले ओळखतो. त्यांच्या घरातनं ते आपल्या तोंडात कसं आलं? आणि ते ऐकून मी गप्प का बसलो?

आधी दुसऱ्या मित्राचा हिशेब चुकता करू. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टंपाष्टं सोडा, असं सांगितलं. का सांगितलं? कातडं ही वस्तू पापी आहे म्हणून? नाही. ते काम जन्मानं गळ्यात बांधलं होतं. त्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. मोबदला म्हणून उष्टं मिळत होतं, आणि त्याच कामाचं कारण दाखवून पुन्हा त्याच माणसाला पाणवठ्यावरनं हाकलत होते. नकार होता तो या सक्तीला. १९३६ साली 'जातिसंहार' या भाषणात त्यांनी जात म्हणजे निव्वळ कामाची वाटणी नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे सोलून दाखवलं. काम वाईट नसतं, माणसाला कामाच्या खुंट्याला बांधणं वाईट. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना उघडं करून मारलं. त्यानंतर हजारोंनी शपथ घेतली की आता मेलेलं जनावर उचलणार नाही. तीही कातड्याची घृणा नव्हती. 'तुमची गाय आहे ना, मग तुम्हीच उचला' हा तो सवाल होता.

आणि चामड्यानं बाट होतो म्हणता, तर तो कुणाकुणाला झाला ते तरी बघा. कोर्टातली जुनी कायद्याची जाडजूड बुकं चामड्यात बांधलेली असत. मोठमोठ्या वकिलांनी ती मांडीवर घेतली, कुणी घरी जाऊन आंघोळ केली नाही. कीर्तनातला पखवाज कातड्याचा. तबल्याच्या कातड्यावर मधोमध जो काळा गोल असतो, त्यात लोखंडाची भुकटी असते, नि त्याला म्हणतात 'शाई'. तो थेट देवळात वाजतो. माझ्या धंद्यातलंच सांगतो. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकामखात्यात घेत नसत. कारण कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि याच्या थुंकीनं बाकीचे बाटले असते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पण त्याच मागाच्या धोट्याला ठोका देणारा पिकर कशाचा असायचा? म्हशीच्या कच्च्या कातड्याचा! म्हशीचं कातडं दिवसभर धोट्यावर आपटलेलं चालत होतं. माणसाचे ओठ चालत नव्हते. म्हणजे बाट वस्तूचा नसतोच. आधी माणूस ठरतो, मग त्याच्या हातातली वस्तू ठरते.

एवढं मनाशी पक्कं झालं. सकाळी पाळी सुटल्यावर गाडीनं केडगावला उतरलो नि काकांकडं गेलो.

काका चर्मकार. आम्ही बौद्ध. गावात दोन्ही वस्त्यांच्या मध्ये एक ओढा आहे. तो ओढा किती रुंद आहे हे मोजायला पट्टी पुरत नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर चर्मकार समाजातले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस पां. ना. राजभोज त्याच समाजातले. हे आपण अभ्यास मंडळात घोकतो. पण चर्मकाराच्या घरी चहा प्यायला मी किती वेळा गेलो? नि ते आमच्याकडं किती वेळा आले? आम्हाला खालचे समजणारे त्यांच्यात होते, आणि त्यांना 'अजून देव धरून बसलेले' म्हणून हसणारे आमच्यात आहेत.

काम सांगितलं. काकांनी प्रत हातात घेतली नाही. हात पुसले, तरी घेतली नाही. म्हणाले, "इहारात ठेवायचं म्हनतूस. माज्या हातचं चामडं चालंल का तिथं?"

आदल्या दिवशी मित्रानं विचारलेलाच हा प्रश्न. फक्त ओढ्याच्या पलीकडनं आलेला. मी म्हणालो, "चालंल काका." पण आदल्या रात्री मी गप्प बसलो होतो हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. ते इथं लिहून टाकतो.

त्यांनी काम कसं केलं ते सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यातनंच निघाला. म्हशीचं, सालीत कमावलेलं चामडं त्यांनी घेतलं. बाभळीची साल नि हिरडा यांच्या पाण्यात महिनाभर मुरलेलं. मागल्या बाजूनं रापीनं तासून पातळ केलं. ओल्या फडक्यानं भिजवलं नि थांबले. पाणी आत जिरून चामड्याचा मूळ रंग परत येऊ लागला, तेव्हा म्हणाले, "आता." लई ओलं असलं तर अक्षर फुगतं, वाळलं तर उमटत नाही. ठसे त्यांनी स्वतः कानसीनं घासून केलेले. आपल्या लिपीचा घोळ असा की काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी. एकेक ठसा ठोकला की शिरोरेषा तुटक दिसते. मग बोथट छिन्नी टेकवून त्यांनी ती सलग जोडून घेतली. अनुस्वारासाठी एक गोल डोक्याचा खिळा. आठ अक्षरं. भा, र, ता, चे, सं, वि, धा, न. अक्षरी एकच घाव. दुसरा घातला की अक्षर दुहेरी होतं.

कव्हर घातलेली प्रत मी मंडळात आणली. ट्यूबलाइटखाली धरली तर काही दिसेना. कोरं चामडं! बोट फिरवलं की अक्षर लागत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. सकाळी खिडकीतनं तिरपं ऊन आलं तेव्हा आठही अक्षरं उठून दिसली. ऊन वर चढलं नि पुन्हा गेली.

मी परत काकांकडं. ते म्हणाले, "ठोकून दिलं, काळं केलं न्हाय. ते तुमी ठरवा. एकदा काळं केलं की निघत न्हाय. करायचं का न्हाय?"

हाच तो प्रश्न.

केडगावात अक्षर दाबण्याचं काम फार जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी इथं १८९८ साली मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळातनं आलेल्या बायका-मुली तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला, पुस्तकं बांधायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरनं मराठीत आणलेलं बायबल तिथंच छापलं, ते १९२४ साली बाहेर आलं. रमाबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. छापखान्यात खिळ्याला शाई लावतात आणि मग तो कागदावर दाबतात. दाब नि काळेपणा एकाच क्षणी. चामड्यावर मात्र ही दोन कामं वेगळी आहेत. घाव एकदा पडतो. काळेपणा नंतर येतो, नाहीतर येतच नाही.

मित्रांनो, आपलं तसंच आहे. आपल्यावर ठसा कधीच ठोकला गेला आहे. पिढ्यानपिढ्या एकाच जागी ठोकला आहे. पण तो सगळ्यांना दिसतो का? दिवसाउजेडी, ऑफिसात, कॉलेजात, गिरणीत, सगळं कोरं दिसतं. "आता कुठं राहिली जात?" असं म्हणणारा प्रत्येक वेळी खोटारडाच असतो असं नाही. त्याच्या उजेडात त्याला दिसत नाही. ज्याच्या अंगावर खड्डा आहे त्याच्या बोटाला तो लागतो. भाड्यानं खोली बघायला गेला की लागतो. आडनाव सांगितल्यावर समोरचा जो अर्धा क्षण थांबतो, तेव्हा लागतो. आपण लिहितो, बोलतो, मोर्चे काढतो, म्हणजे काय करतो? घाव घालत नाही. पडलेल्या घावात काळं भरतो. वाचता यावं म्हणून.

मग यावर आक्षेप येतात. बाहेरनं येतात तसे आतूनही येतात.

पहिला आक्षेप असा. जात मोडायची ना, मग तिचं नाव कशाला घेता? काळं करू नका, झिजून जाईल. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, समतानगर, भीमनगर अशी ठेवायची. मी याच्या विरोधात नाही. पोरीला शाळेच्या दाखल्यावर 'महारवाडा' लिहावं लागू नये, हे बरंच झालं. पण पाटी बदलली म्हणून वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला आहे ते बदलतं का? पाण्याचा नळ शेवटी कुणाकडं पोचतो ते बदलतं का? अक्षरातला रंग खरवडला, खड्डा तसाच. न रंगवलेलं अक्षर नाहीसं होत नाही. वाचता येत नाही, एवढंच. आणि वाचता न येणारा घाव घालणाऱ्याच्या सोयीचा असतो.

यावर मला सगळ्यात मोठा पुरावा त्या कव्हरच्या आतच सापडला. कलम १७. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेनं ते मंजूर केलं, तेव्हा मसुद्यात त्याचा नंबर ११ होता. त्यात 'अस्पृश्यता' हा शब्द आहे. अवतरण चिन्हांत, ठळक, उघडा. बाबासाहेबांना तो गाळता आला असता. 'सर्व माणसं समान' एवढं म्हणून भागवता आलं असतं. समानतेचं कलम वेगळं आहेच. तरी त्यांनी तो घाण शब्द देशाच्या सर्वोच्च पुस्तकात छापू दिला. का? ज्याचं नाव लिहिलं नाही त्याला नष्ट केलं असं म्हणता येत नाही, म्हणून. आरोपपत्रात गुन्ह्याचं नाव लिहावंच लागतं. त्यानं गुन्ह्याचा गौरव होत नाही.

दुसरा आक्षेप अवघड आहे. तो मला टोचतो. काळं केलं की निघत नाही. आपण घावालाच दागिना करून बसलो तर? घाव विकायला काढला तर? जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि सांगितलं काय, तर 'चामड्याच्या चपला'. कोल्हापूरचं नाव नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं. महाराष्ट्राचे चार नि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. ओरड झाली, मग कंपनीनं प्रेरणा कुठली ते कबूल केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. गावाचं नाव आलं, जिल्ह्याचं आलं, परंपरेचं आलं. सालीच्या पाण्यात ज्यांची नखं काळी झाली त्यांचं काय? त्यांच्या कामाला ज्या तोंडांनी शिवी केली, तीच तोंडं आता 'आमचा वारसा' म्हणतात! म्हणजे काळं करणारा हात कुणाचा, नि अक्षर कुणाच्या फायद्याचं, हे विचारावंच लागतं.

आणि हे विचारताना माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांमागं मी आईवर एक कविता लिहिली. लहानपणी तिच्या बाबतीत एका शेताच्या बांधावर काय झालं ते त्यात होतं. जयंतीच्या कार्यक्रमात ती म्हटली. टाळ्या पडल्या. काही जण रडले. आई मागं बायकांत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुला टाळ्या मिळाल्या. मला तितं बसवंना. मला इचारलं का न्हाईस?" मला वाटलं होतं मी तिच्या घावाला वाचा दिली. मी दिली होती, पण तिच्या अंगावर, तिला न विचारता. घाव तिचा, शाई माझी, नाव माझं. ठसा ठोकणारानं तिला विचारलं नव्हतं. काळं करणारानंही विचारलं नाही. मग आमच्या दोघांत फरक काय राहिला? फरक आहे, हे मला माहीत आहे. पण तिला त्या रात्री तो दिसला नसेल.

चामड्याची उपमा इथं संपते. चामडं मेलेलं असतं, त्याला दुखत नाही. माणूस जिता असतो. म्हणून चामड्याबद्दल 'काळं करावं का' एवढंच विचारून भागतं. माणसाबद्दल 'तुझं काळं करू का' असं त्यालाच विचारावं लागतं.

काकांनी मला ठरवता यावं म्हणून तीन टाकाऊ तुकडे घेतले. तिन्हींवर एकच अक्षर ठोकलं.

पहिल्या तुकड्यावर बाजारी रीत. आधी वरून चमक येणारं पातळ पॉलिश, ते वाळल्यावर काळी पेस्ट सगळ्या तुकड्यावर चोपडली. सगळं काळं. मग कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. वरची पातळी स्वच्छ, तांबूस, चकचकीत झाली. दाबलेल्या अक्षरात काळं तसंच राहिलं. मी बघतच राहिलो. पेस्ट तर सगळ्यांना सारखीच लावली होती! ज्याला दाबलं नाही त्याचं पुसून निघालं. ज्याला दाबलं त्याच्यात ते साचलं, आणि आता बघणाऱ्याला वाटतं की काळेपणा त्या अक्षराचाच. गू-मूत, मरण, कातडं, घाम हे सगळ्या माणसांच्या वाट्याला आहे. पण एक फडकं फिरत असतं, ते वरच्यांना पुसत जातं. आणि दोस्तांनो, ते फडकं नेहमी त्यांच्याच हातात असतं असं नाही. 'विहारात चामडं नको' म्हणताना ते आपल्या हातात होतं. आपण स्वतःला पुसत होतो, नि जे पुसलं जात होतं ते काकांच्या अक्षरात साचत होतं.

दुसरा तुकडा क्रोमच्या चामड्याचा, कारखान्यात रसायनानं एक-दोन दिवसांत कमावलेला. मऊ, झकास. त्यावर ठसा उमटला, पण नीट बसला नाही. हळूहळू चामडं पुन्हा वर आलं. वर काळं पाणी लावलं तर तेही धरेना, नुसता डाग पडला. काका म्हणाले, "ह्यात सालीचं पानी मुरल्यालंच न्हाय. धरायचं काय त्यानं?" यावर मी जास्त बोलत नाही. ज्यांचं आंदोलन मोबाइलच्या स्टेटसवर चढतं नि चोवीस तासांत उतरतं, त्यांनी आपापलं समजून घ्यावं. त्यात मीही आलो.

तिसरा तुकडा सालीतला. काकांकडं एका मडक्यात लोखंडाचं पाणी होतं. गूळ, पाणी नि गंजके खिळे. पंधरा-वीस दिवस आंबवलेलं. "पयले लोक हिराकस घालायचे. मी गूळ घालतो. केडगावात गुळाला काय तोटा?" कापडावर छापे मारणारे कारागीर काळ्या रंगासाठी असंच पाणी करतात. हे पाणी काळं नसतं. गढूळ, मातकट. बारीक कुंचल्यानं त्यांनी ते फक्त अक्षरात भरलं. काही झालं नाही. मग डोळ्यांदेखत आधी राखाडी, मग जांभळट, मग काळं. रंग वरनं लावला नव्हता. चामड्यात मुरलेला सालीचा तुरटपणा नि लोखंड एकमेकांना भेटले, नि काळेपणा आतनं आला. म्हणून तो निघत नाही.

पुढचं ऐका. शेकडो वर्षं युरोपात दस्तऐवज ज्या शाईनं लिहिले तीही हीच. झाडाचा तुरटपणा आणि लोखंड. आपल्याकडंही हिरडा-बेहडा नि लोखंडाची शाई करत होते. म्हणजे चांभाराचं काळं आणि पंडिताची शाई एकच! एकाला हात लावला की बाट, दुसऱ्यानं लिहिलं की शास्त्र. ज्यांनी अक्षर आपल्यापासून तोडलं, त्यांची शाई आपल्याच कुंडीत होती. हे कळलं तेव्हा मी काकांच्या पुढ्यात खुळ्यासारखा हसलो. ते म्हणाले, "काय झालं रं?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मंग आमाला वाचाया का शिकवलं न्हाई?" काका शाळेत गेलेले नाहीत. ठसे त्यांना आकारावरनं ओळखू येतात.

काम संपलं असं वाटलं तर त्यांनी खायच्या सोड्याचं पाणी घेतलं नि अक्षरांवरनं फडक्यानं फिरवलं. हे कशाला? लोखंडाच्या पाण्यात आंबटपणा असतो. तो मारला नाही तर तो चामडं आतनं खात जातो, काही वर्षांनी अक्षराच्या जागी भोक पडतं. जुन्या शाईनंही असे कागद खाल्लेले आहेत. मग तेलाचा हात दिला.

तर माझं उत्तर असं आहे. दाबलेलं अक्षर काळं करावं. न करणं म्हणजे घावाला लपायला जागा देणं. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात.

एक, ज्याच्या अंगावर घाव आहे त्याला विचारावं. नाही म्हणाला तर थांबावं. आईची ती कविता मी पुन्हा कुठं म्हटली नाही, या अंकालाही दिली नाही. ती म्हणेल तेव्हा देईन. म्हणणार नसेल तर नाही.

दोन, रंग वरनं चोपडून फडकं मारायची रीत आपली नव्हे. ती केली की आपण आपल्याहून दाबलेला माणूस शोधतो. ओढ्याच्या पलीकडं कुणीतरी असतंच. आणि घरातली बाई तर ओढा न ओलांडताही सापडते.

तीन, आंबटपणा मारावा. राग लोखंडासारखा आहे, त्याच्याशिवाय अक्षर काळं होत नाही. पण काम झाल्यावर राहिलेलं आम्ल आपल्याच चामड्याला खातं. आपल्यातली किती चांगली पोरं तशी आतनं खाल्ली गेली, दारूत गेली, गटातटांत गेली, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. राग सोडा असं मी म्हणत नाही. सोड्याचं पाणी म्हणजे माफी नव्हे. अभ्यास, संघटना, एकमेकांच्या घरी जाणं, हे ते पाणी.

अक्षरं काळी आम्हीच केली. काकांनी मडकं दिलं, कुंचला दिला. आम्ही आठ जण होतो, अक्षरं आठ. 'विहारात चामडं नको' म्हणणाऱ्या मित्राला 'सं' आला. त्याचा हात थरथरला नि अनुस्वार जरा मोठा झाला. त्याला कुणी काही बोललं नाही. ढोरं ओढण्याचा सवाल टाकणाऱ्यानं शेवटचा 'न' केला. त्याला माझं सगळं पटलेलं नाही. तो म्हणतो, काम सुटलं पाहिजे, गौरव नंतर. त्याचंही खरं आहे. काकांच्या नातवानं हे काम करावं असं काकांनाही वाटत नाही. कातड्याची अप्रतिष्ठा मोडणं आणि कातड्यातनं सुटायची वाट मोकळी ठेवणं, ही दोन्ही कामं एकदम करायची आहेत.

शेवटी आम्ही काकांना म्हणालो, आतल्या बाजूला तुमचं नाव ठोका. करणाऱ्याचं नाव पाहिजे. ते म्हणाले, "नगं. नाव वाचलं की लोक आडनाव इचारत्यात." मी आग्रह धरायला तोंड उघडलं, आणि आई आठवली. गप्प बसलो. या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं, असं मला वाटतं.

प्रत आता विहारात आहे. कुठल्याही उजेडात वाचता येते. २६ नोव्हेंबरला काकांना बोलावलं होतं. ते आले, चपला काढल्या, उंबऱ्याशी उभं राहून आत बघितलं, "काळं धरलंय चांगलं," म्हणाले नि गिऱ्हाईक आहे म्हणून निघून गेले. आत आले नाहीत.

त्यांना आत यावंसं वाटावं असं आम्ही अजून काही केलेलं नाही. ओढा ओलांडून पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरलं आहे. आधी निरोप पाठवला आहे, येऊ का म्हणून.